कागदी युद्धनौका: बरगड्या बाहेरून का दिसतात आणि पट्टी कमी का पडते

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका वाचकाने मिकासा या जपानी युद्धनौकेचं १:२५० प्रमाणातलं कागदी किट पीडीएफ स्वरूपात घेतलं. घरच्या इंकजेटवर छापलं, सांगाडा जोडला, बाजूच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांत बाहेरून एकेक बरगडी, म्हणजे सांगाड्यातला आडवा पुठ्ठा, मोजता येऊ लागली, आणि मागच्या टोकाला पट्टी अडीच-तीन मिलिमीटर कमी पडली. कागद चुकला की गोंद, पुन्हा करायचं तर काय बदलायचं, आणि रेलिंग-दोरखंडांचं बारीक काम इथे मिळणाऱ्या सामानात होतं का, अशी विचारणा आहे.

दोन्ही दोषांचं मूळ एकच आहे: पाणी. फेविकॉल हा पाण्यातला गोंद. कागद ओला झाला की फुगतो, पण सगळीकडे सारखा फुगत नाही. तंतू ज्या दिशेने पडलेले असतात त्या दिशेने तो जेमतेम वाढतो. आडव्या दिशेने टक्का-दीड टक्क्यापर्यंतही वाढू शकतो. प्रेसवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. मिकासाची एकूण लांबी १३१.७ मीटर, म्हणजे १:२५० ला साधारण ५२७ मिलिमीटर. सांगाड्याचं छापील पान भरपूर फेविकॉल लावून पुठ्ठ्यावर दाबलं आणि ते अर्धा टक्का ताणलेल्या अवस्थेतच वाळलं, तर कणा, म्हणजे सांगाड्याची लांबीभर जाणारी मधली उभी पट्टी, अडीच मिलिमीटरने लांब झाला. बाजूची पट्टी मात्र छापलेल्या मापाचीच राहिली. कमी पडलेले मिलिमीटर तिथे गेले आहेत. मागच्या टोकाला शोधून ते सापडणार नाहीत.

बरगड्यांचंही तसंच. बरगडीच्या कडेला गोंद लावून पट्टी दाबली की तेवढा कागद ओला होऊन सैल पडतो. वाळताना तो आक्रसतो, बरगडीला धरून राहतो आणि दोन बरगड्यांच्या मधला भाग आत ओढला जातो. उपाशी घोड्याच्या फासळ्यांसारखी नौका दिसू लागते ती यामुळे. त्यात कागद पातळ असेल किंवा दोन-चार बरगड्या किंचित मोठ्या कापल्या गेल्या असतील तर ते जास्तच उठून दिसतं.

म्हणून पुन्हा करताना लक्ष सगळं सांगाड्यावर द्या. तोफा, होड्या, डोलकाठ्या पाहून लोक वाहवा करतात, पण ते चिकाटीचं काम आहे, सरावाने जमतं. सांगाडा वाकडा राहिला तर पुढे काहीही केलं तरी तो झाकता येत नाही.

नौकेची निवड चांगली आहे, ती बदलू नका. मिकासा ब्रिटनमधल्या बॅरो इथे व्हिकर्सने बांधली, १९०० मध्ये पाण्यात उतरली, आणि २७-२८ मे १९०५ च्या, रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल टोगो यांची ध्वजनौका होती. दोन धुराडी, दोन डोलकाठ्या, पुढे-मागे एकेक जोडतोफेचा टरेट (तोफांचा फिरता बुरूज) आणि बऱ्याच अंशी उभ्या बाजू. कागदाला ही ठेवण मानवते, कारण कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. पहिल्यांदा सगळ्यांना विक्रांत करावीशी वाटते. पण ती जुनी विक्रांत २१३ मीटरची, म्हणजे या प्रमाणात ८५ सेंटिमीटर, आणि वर अखंड सपाट डेक. तेवढ्या लांबीत अर्धा मिलिमीटर पीळसुद्धा डेकवर लगेच दिसतो. ती तिसरी-चौथी नौका म्हणून घ्यावी.

फोटो बघताना एक सावधगिरी. मिकासा आज योकोसुका इथे संग्रहालय म्हणून उभी आहे, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावरचं बरंच काही काढून टाकलं गेलं होतं. १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या डागडुजीत तोफा, धुराडी, डोलकाठ्या नव्याने, प्रतिकृती म्हणून बसवल्या. शिवाय सप्टेंबर १९०५ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने ती सासेबो बंदरात बुडाली होती. वर काढून दुरुस्त करताना तोफाही बदलल्या. त्यामुळे किट १९०५ ची स्थिती दाखवत असेल तर आजच्या पर्यटकांच्या फोटोंवरून बारकावे ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. किटची आकृती आणि त्या काळचे फोटो जुळतात का तेवढंच पाहा.

छपाई

प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असेल तर पान तीन-चार टक्क्यांनी लहान होतं. ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा, एक पान छापा आणि त्यावरची मापपट्टी स्टीलच्या पट्टीने मोजा. १०० मिलिमीटरच्या जागी ९९.५ आले तरी थांबा. इंकजेटचे रोलर पातळ आणि जाड कागद सारखा ओढत नाहीत. सांगाडा ८० जीएसएमवर (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि पट्ट्या १८० वर छापल्या की पान ओढण्याच्या दिशेने मापात थोडा फरक येऊ शकतो. दोन्ही कागदांवर मापपट्टी छापून, मोजून, गरज पडली तर एकाचं प्रमाण १००.३ असं बदलून घ्या. सगळी बाहेरची पानं एकाच बैठकीत, एकाच मशीनवर छापा. करडा रंग दर वेळी वेगळा उमटतो, आणि या नौकेवर करड्याशिवाय आहेच काय?

साध्या इंकजेटची शाई गोंदाच्या पाण्याने पसरते. पिगमेंट शाईचा प्रिंटर असेल तर उत्तम. नसेल तर पान दिवसभर वाळू द्या आणि कापण्याआधी मॅट क्लिअर लॅकरचे दोन हलके थर फक्त छापील बाजूने मारा. मागची बाजू कोरीच हवी, नाहीतर गोंद धरणार नाही. पावसाळी हवेत लॅकर मारलं तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि ती जात नाही. लेझर प्रिंटला पाण्याची भीती नाही, पण घडीवर टोनर तडकतो. तिथे करड्या रंगाचा हात फिरवावा लागतो.

बाहेरच्या पट्ट्या, डेक, डेकवरच्या खोल्या यांना १६० ते १८० जीएसएमचा कोटिंग नसलेला कागद. चकचकीत आर्ट कार्ड नको. त्याची घडी फुटते आणि कडा पांढरी उघडी पडते. तोफांच्या नळ्या आणि बारीक भाग ८० जीएसएमवर. पट्ट्यांचा ग्रेन नौकेच्या लांबीच्या दिशेने आला पाहिजे, म्हणजे ओल लागली तरी लांबी फारशी बदलत नाही, थोडी उंची बदलते आणि तेवढं चालतं. ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूने असतो, पण प्रेसमधून मोठा कागद कापून आणला असेल तर काहीही असू शकतं. ओळखायचं सोपं आहे: एकाच पानातून उभी आणि आडवी अशा दोन सारख्या पट्ट्या कापा आणि एका टोकाला धरून आडव्या सोडा. कमी लवते तिच्या लांबीत ग्रेन आहे.

सांगाडा

पुठ्ठा म्हणजे बाइंडिंगवाले वापरतात तो करडा बोर्ड, एक मिलिमीटरचा. दुकानदार बऱ्याचदा जाडी औंसात सांगतो. आपण व्हर्निअर नेऊन मोजून घ्यावी. किटमधल्या खाचा एक मिलिमीटरच्या धरलेल्या असतात. बोर्ड १.२ चा निघाला तर बरगड्या खाचेत घट्ट बसतात आणि कण्याला पीळ देतात. ०.८ चा निघाला तर डुलतात. आधी तुकड्यावर एक खाच कापून बघा. वह्या आणि लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्या बाइंडरकडे कटिंगचे तुकडे मागितले तर मिळतात, आणि ५२७ मिलिमीटरचा कणा सोडला तर सगळे भाग त्या तुकड्यांत बसतात. कणा आणि तळपट्टी मात्र अखंड बोर्डातूनच, त्यासाठी पूर्ण शीट घ्या. दोन तुकडे जोडून केलेला कणा जोडावरच वाकतो.

छापील पान बोर्डावर चिकटवायला फेविकॉल नको. फेविबॉण्डसारखा रबरी गोंद घ्या: दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, हाताला चिकटेनासा होईपर्यंत साधारण दहा मिनिटं थांबायचं आणि मग एका टोकापासून पान सोडत जायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून पेन्सिलने रेघ मारून ठेवा. यात पाणी नसल्याने पान ताणलं जात नाही. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, निरांजन काही नको. फेविकॉलच वापरायचा असेल तर थर अगदी पातळ, बोर्डाच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढाच कोरा कागद चिकटवलेला, आणि रात्रभर वजनाखाली. एकाच बाजूला कागद लावलेला बोर्ड वाळताना त्या बाजूकडे वाकतोच.

कापायला ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचा हँडल. सांगलीकरांना यासाठी लांब जायला नको. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात सर्जिकल सामानाच्या दुकानात हे सहज मिळतं, बारीक टोकाचा चिमटाही तिथेच घ्या. एक मिलिमीटरचा बोर्ड एका दमात कापायचा नाही. पाच-सहा हलके फेरे, ब्लेड अगदी उभं. ब्लेड तिरकं झालं की बरगडीची एक बाजू मोठी आणि दुसरी लहान होते, आणि छापील बाजूने बघताना ते कळतही नाही. ब्लेड बदलताना हात आखडता घेऊ नका. बोर्ड धार पटकन खातो आणि बोथट ब्लेडने कडा फाटतात.

जोडणी जाड काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर करा. लाकडी टेबल सरळ असतं हा भ्रम आहे. आधी सगळं गोंदाशिवाय बसवून बघा. मग तळपट्टी, त्यावर कणा, मग मधल्या बरगडीपासून सुरू करून आळीपाळीने पुढे-मागे. बरगड्यांना इथे फेविकॉल चालतो, थेंबाएवढा, कारण बोर्ड तेवढ्याने फुगत नाही. दर दोन-तीन बरगड्यांनंतर काटकोन गुण्याने तपासा. चोवीस तास वजनाखाली ठेवा. वजन उचलल्यावर सांगाडा काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबा. कुठे टकटक आवाज आला तर पीळ आहे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा पीळ तळाला दुसरी कोरी तळपट्टी चिकटवून, वजनाखाली वाळवून निघतो. त्याहून जास्त असेल तर नवा सांगाडा कापा.

नौका पाण्याच्या रेषेपर्यंतचीच करा. जर्मन पद्धतीची १:२५० किट्स बहुधा तशीच असतात; पोलिश पद्धतीच्या १:२०० किट्समध्ये पाण्याखालचं पोटही येतं. ते पोट दोन्ही दिशांनी गोल असल्याने पाकळ्या-पाकळ्यांनी जोडावं लागतं आणि नवख्याचा उत्साह तिथे संपतो. मिकासाला पुढे टक्कर मारायचं टोक आहे, पण त्याचा मोठा भाग पाण्याखाली असल्याने या पद्धतीत तो आपोआप सुटतो.

आतली कातडी

बरगड्या दिसू नयेत म्हणून करायचं मुख्य काम हे. बाहेरची छापील पट्टी थेट बरगड्यांवर चिकटवायची नाही. आधी कोऱ्या १६० जीएसएम कागदाचा एक थर, मग त्यावर छापील पट्टी.

फक्त हा थर ०.२ मिलिमीटर जाड असतो, आणि तो किटच्या हिशेबात धरलेला नसतो. तेवढीच बरगड्यांची कड आधी घासून कमी करावी लागते, नाहीतर गोल मागच्या टोकाला पट्टी पुन्हा कमी पडेल. लाकडी पट्टीला २२० नंबरचा सँडपेपर चिकटवा आणि नौकेच्या लांबीच्या दिशेने, एका वेळी तीन-चार बरगड्यांना टेकेल अशी फिरवा. एकेक बरगडी सुटी घासली तर उंचसखलपणा वाढतो. मधूनमधून पाच मिलिमीटर रुंदीची कागदी पट्टी पुढून मागे धरा: ती जिथे उचलली जाते ती बरगडी मोठी, जिथे फट दिसते ती लहान. लहान बरगडीच्या कडेवर कागदाची चिंधी चिकटवून ती भरून काढा.

पुढच्या आणि मागच्या टोकाला जिथे वळण जास्त आहे तिथे बरगड्यांच्या मधली पोकळी थर्माकोलने भरून घासली तर आधार चांगला मिळतो. पण थर्माकोलजवळ फेविबॉण्ड नेऊ नका, ते विरघळतं. तिथे फेविकॉलच.

आतला थर तीन-चार तुकड्यांत लावा आणि त्याचे जोड छापील पट्टीच्या जोडांवर येऊ देऊ नका. तो बरगड्यांना चिकटवला तरी चालेल. थोडा आत ओढला गेला तरी वाळल्यावर पोटीन किंवा घट्ट फेविकॉल-टाल्कम लावून सपाट घासता येतो. छापील पट्टीवर ती मुभा नाही.

आता डेक. किट सांगत असेल तर डेक आतल्या थराच्याही आधी बसतं. त्याची कड बरगड्यांच्या बाहेर येत असेल तर घासून सारखी करा. डेकच्या तुकड्यांचा जोड टरेटच्या किंवा डेकवरच्या खोलीच्या खाली दडेल असा पाहा. फळ्यांच्या छापील रेघा जोडावर जुळल्या नाहीत तर नजर तिथेच जाते.

बाजूच्या पट्ट्या लावण्याआधी तोफांच्या खिडक्या कापा. मिकासावर सहा इंची तोफा १४, प्रत्येक बाजूला सात. पट्टी चिकटवल्यावर त्या खिडक्या कापायला गेलात तर आतल्या थराला चिरा पडतात. खिडकीमागे काळ्या कागदाची छोटी पेटी ठेवा, म्हणजे आतला बोर्ड दिसणार नाही.

पट्टीला आकार आधी द्यायचा, गोंद नंतर. तळहातावर पट्टी उलटी ठेवून गोल पेन्सिल फिरवत टोकाकडचं वळण आणा, इतकं की ती गोंदाशिवाय नौकेच्या अंगाला बसून राहील. मग कडा रंगवा. कापलेल्या कागदाची पांढरी कड हा कागदी मॉडेलचा सगळ्यात ओळखू येणारा दोष आहे आणि तो टाळायला फक्त पोस्टर कलर, लहान ब्रश आणि दोन मिनिटं लागतात. काळा, पांढरा आणि सुईच्या टोकाएवढा निळा. छापील करड्यापेक्षा किंचित गडद ठेवा. फिकट कड उजळून दिसते.

गोंद फक्त वर डेकच्या कडेला आणि खाली तळपट्टीच्या कडेला. बरगडीवर थेंबही नाही. फेविकॉल प्लॅस्टिकच्या झाकणावर काढून दोन मिनिटं घट्ट होऊ द्या, मग टूथपिकने लावा. सुरुवात पुढच्या टोकापासून, एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, असं आळीपाळीने. एक पूर्ण बाजू आधी लावून टाकली तर वाळताना ती अख्खा सांगाडा आपल्याकडे ओढते. पुढच्या टोकाला दोन्ही पट्ट्यांची आतली कड सँडपेपरने पातळ करा, नाहीतर धारदार टोकाऐवजी बोथट नाक दिसतं. जोडाच्या मागे ८० जीएसएमची सहा मिलिमीटर पट्टी. इतकं करूनही मागे अर्धा-एक मिलिमीटर फट राहिलीच तर पट्टी ओढू नका. रंगवलेल्या कागदाचा काप भरा. ओढलेली पट्टी पुढे कुठेतरी फुगा काढते.

तोफा

बारा इंची चार नळ्या आणि सहा इंची चौदा. शिवाय बारा पाउंडी वीस तोफा आहेत, पण त्या या प्रमाणात जवळजवळ तारच.

बारा इंची नळीचं तोंड या प्रमाणात बाहेरून सुमारे दोन मिलिमीटर आणि टरेटजवळ तीन धरा. ०.८ मिलिमीटरच्या तारेवर ८० जीएसएम कागद गुंडाळायचा. किती लांबीचा, हा प्रश्न नेहमी येतो, तर हिशेब असा: नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले कागदाची जाडी. तोंडाशी दोन मिलिमीटर बाहेरून, ०.८ आतून, म्हणजे छेद सुमारे २.६४ चौरस मिलिमीटर. कागद ०.१ मिलिमीटर जाड, म्हणून २६ मिलिमीटर लांबी. मागे तीन मिलिमीटर हवे, तर त्याच हिशेबाने ६५ ते ६६. म्हणजे तुकडा एका बाजूला २६ आणि दुसऱ्या बाजूला ६६ असा तिरका कापायचा. गुंडाळल्यावर निमुळता आकार आपोआप येतो. ग्रेन नळीच्या लांबीत हवा, आडवा असला तर कागद गोल न होता कोपरे काढतो. सुरुवातीची कड सँडपेपरने पातळ करा, रबरी पायपुसणीच्या मागच्या बाजूवर तारेसह रोल करा, गोंद फक्त शेवटच्या पाच मिलिमीटरला. वाळण्याआधी तार फिरवून बाहेर काढा. पूर्ण वाळल्यावर फेविक्विकचा एक थेंब मागून सोडा. नळी कडक होते आणि मग बारीक घासून रंगवता येते. फेविक्विक लागलेला कागद गडद पडतो, म्हणून रंग नंतरच.

टरेटच्या घड्या कापून नव्हे, दाबून पाडायच्या. रिकाम्या रिफिलचं टोक पट्टीला लावून ओढा. किटमध्ये दिलेल्या चिकटपट्ट्या मी छाटून टाकायचाच सल्ला देईन. त्या कागदाची जाडी आतून उठते आणि कोपरा गोल दिसतो. कडेला कड भिडवून आतून स्वतंत्र पट्टी लावलेला कोपरा कितीतरी स्वच्छ येतो.

तारा, रेलिंग, जाळी

हे सामान सांगली-मिरजेत मिळतं, बाहेरून मागवायची गरज नाही. मोटर वाइंडिंगच्या दुकानात इनॅमल चढवलेली तांब्याची तार मिळते. शेतीपंपांमुळे आपल्याकडे अशी दुकानं पावलोपावली आहेत. ४० गेज म्हणजे ०.१२ मिलिमीटर, ४२ गेज म्हणजे ०.१० मिलिमीटर. १:२५० ला ०.१० म्हणजे प्रत्यक्षात अडीच सेंटिमीटर, रेलिंगच्या गजाला योग्य. तार सरळ करायची रीत: एक टोक पकडीत धरून दुसरं हळू ओढायचं, ती किंचित ताणली गेल्याचं हाताला जाणवतं, तिथे थांबायचं. मग ती काडीसारखी सरळ राहते. दोरखंडांनाही हीच तार. सुती दोऱ्याला लव असते, आणि नायलॉन दमट हवेत सैल पडतो. जूनमध्ये ताठ बांधलेला दोरा ऑगस्टमध्ये लोंबतो. दोराच वापरायचा असेल तर पॉलिएस्टर.

रेलिंग सुमारे एक मीटर उंच, म्हणजे चार मिलिमीटर. खांबांमधलं अंतर सहा ते आठ मिलिमीटर. पुठ्ठ्यावर तीन समांतर रेघा आणि उभ्या खुणा आखा, वर पारदर्शक टेप लावा म्हणजे काही चिकटणार नाही. दोन्ही टोकांना काप देऊन तीन तारा ताणून अडकवा, खुणांवर उभे तुकडे ठेवा, प्रत्येक भेटीवर सुईच्या टोकाने फेविक्विक. रंग फवारून मग सोडवा. फेविक्विकच्या वाफेने शेजारच्या छापील भागावर पांढरी झाक येते, म्हणून हे काम नौकेपासून दूर करा आणि डेकवर बसवताना फेविकॉल वापरा.

डोलकाठ्यांना आत तार, बाहेर कागद. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यांच्या पोलादी आणि पितळी तारा मिळतात. पोलादी तार ताठ असते पण रिळावरची वळी सोडत नाही, त्यामुळे लांब डोलकाठीला ती नको, आडव्या लहान काठ्यांना उत्तम. मुख्य डोलकाठीला जाड पितळी तार घ्या, काचेवर सपाट फळीखाली घोळवली की सरळ होते. ताणतारा दोन्ही बाजूंना एकाच वेळी, जोडीने लावायच्या. एक बाजू आधी घट्ट केली की काठी तिकडे झुकते.

किटमध्ये पाणतीर अडवायची जाळी दाखवली असेल तर बाजूंना तिरके दांडे येतील, ते ०.५ मिलिमीटर तारेचे. गुंडाळलेली जाळी म्हणून सर्जिकल गॉजचा पट्टा पिळून, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून वाळवा. तिथे फेविक्विक अजिबात नको: सुती कापडावर ते एकदम तापतं, बोट भाजू शकतं.

हवामान

सांगलीत साताऱ्याच्या पश्चिम भागासारखा पाऊस नाही, पण जून ते सप्टेंबर हवा कागदाला पुरेशी दमट असते. बोर्डावर कागद चिकटवणं, सांगाडा आणि बाजूच्या पट्ट्या एवढं ऑक्टोबर ते मे या काळात उरका. तोफा, होड्या, रेलिंग पावसाळ्यात केलं तरी बिघडत नाही. लॅकर मात्र कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. एप्रिल-मेची अडचण उलटी: फेविकॉलवर मिनिटभरात साय धरते आणि जोड वरवर बसतो. पंखा बंद, एका वेळी चार-पाच सेंटिमीटरच गोंद. कूलर चालू असलेल्या खोलीत कागद ठेवू नका, तिथे पावसाळाच असतो.

पूर्ण झालेल्या नौकेला ॲक्रिलिकची पेटी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पेटी कोरड्या दिवशी बंद करा. पावसात बंद केली तर दमट हवाच आत कोंडली जाते. खळ कुठेही वापरू नका, झुरळं आणि कसर तिच्यासाठीच येतात. गावभागात किंवा नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहत असाल तर पेटीची जागा माळ्यावरच धरा. २०१९ चा पूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

सध्याचा फसलेला सांगाडा टाकू नका. त्याच्या एका बाजूची पट्टी सोलून तिथे आतला थर, घासणं आणि कडेचा गोंद यांचा सराव करा, आणि नव्या प्रिंटच्या तुकड्यावर लॅकर, पोस्टर कलर, फेविक्विक यांचा डाग कसा पडतो तेही त्याच्यावरच बघून घ्या.